खिरापत ओळखणारी

"पांढरं कोण नेसलंय? हां, तूच. इकडे ये."

मी पुढे झाले. बोलावणाऱ्या बाई उंच होत्या. केस मानेवर कापलेले, पोलक्याला बाह्या नाहीत, गळ्यात दोरीला अडकवलेलं घड्याळ. मुंबईच्या त्या टीव्ही केंद्रात सगळे त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणत होते. बार्शीहून आलेल्या आम्ही सगळ्या मुली मेकअपच्या खोलीत दाटीवाटीने उभ्या होतो, आणि मॅडम माझ्या साडीकडे अशा बघत होत्या, जणू मी चिखलात लोळून आलेय.

"कॅमेऱ्याला पांढरं सोसत नाही," त्या म्हणाल्या. "नुसता उजेडाचा गोळा दिसेल. दुसरी आणलीयस?"

"नाही."

"सांगितलं नव्हतं का यांना?"

"सांगितलं होतं की!" आमच्या शाळेतल्या क्षीरसागरबाईंनी कपाळावर हात मारला. "आमच्या अविनाशनं शाळेत येऊन, सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. पांढरं नको, काळं नको, चमचम करणारं नको. उज्ज्वला, तू नव्हतीस का गं त्या दिवशी?"

मी होते. पहिल्या रांगेत होते. बोलताना त्याच्या गळ्याची घाटी कशी वरखाली होत होती, ते मला आजही दिसतं. तो काय बोलला, त्यातला एक शब्द कानात शिरला नव्हता.

अविनाश म्हणजे क्षीरसागरबाईंचा भाचा. मुंबईत टीव्ही येऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि हा आमच्या गावचा मुलगा तिथे नोकरीला लागला होता. "कॅमेऱ्यावर असतो," असं बाई सांगत. बार्शीत कोणाकडे टीव्ही नव्हता, असता तरी उपयोग नव्हता. मुंबईहून निघालेलं चित्र आमच्यापर्यंत पोचतच नसे. पण कॅमेऱ्यावर असणारा मुलगा गणपतीत गावी आलाय, एवढं आम्हाला पुरेसं होतं.

सगळ्या त्याला अविनाशदादा म्हणत. आमच्याकडे रीतच ती. मैत्रिणीचा भाऊ, बाईंचा भाचा, शेजारचा मुलगा, सगळे दादा. माझी मात्र दादा म्हणायला जीभ रेटेना, आणि नुसतं अविनाश म्हणायची छाती नव्हती. म्हणून मी त्याला कशानेच हाक मारली नाही. एकदा बाईंनी मला त्याला पाणी न्यायला सांगितलं. मी पेला पुढे करून म्हणाले, "अहो, हे."

मागे कुंदा उभी होती. "अहो म्हणतेय बघा ही!" ती फिदीफिदी हसली. "आता नाव घे म्हणावं उखाण्यात!"

त्याच गणपतीत आरतीला मी मावशीची पांढरी, बारीक जरीकाठाची साडी नेसले होते. प्रसाद हातावर घेताना तो म्हणाला, "वा. पांढरं शोभतं की तुला." बस. त्या दिवसापासून जगात दुसरा रंग म्हणून उरला नाही.

टीव्हीच्या लोकांना गावाकडचा हादगा दाखवायचा होता. आश्विनात पाटावर हत्तीचं चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. गाणी संपली की जिच्या घरचा हादगा, ती झाकलेला डबा घेऊन पुढे येते. आत काय खाऊ आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ही खिरापत ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा नियम. "गोड का तिखट?" पासून सुरुवात होते आणि मग नुसता गोंधळ. टीव्हीवर डबा कोण धरणार, हे अविनाशने ठरवायचं होतं. शाळेच्या पटांगणात त्याने आमचा फेर पाहिला, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून एकेकीकडे बघितलं. माझ्यावरून चौकट पुढे गेली आणि नयनावर थांबली.

"हिच्या हातात द्या डबा," तो म्हणाला. "हिचा चेहरा बोलतो."

नयना गव्हाणे आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. आम्ही एकत्र गोवर काढला, एकत्र शाळेत गेलो. तिची आई संधिवाताने कित्येक वर्षं खाटेवर होती, त्यामुळे त्या घरचा हादगाही नयनाच करायची आणि खिरापतही. आणि तिची खिरापत दर वर्षी मीच ओळखायची. पदार्थांच्या नावांनी नाही, तिच्या तोंडावरून. कोणी बरोबर ओळखायच्या जवळ आलं की नयना खालचा ओठ दातांत धरायची, डाव्या गालाला खळी पडायची, आणि मग हसू फुटायचं. ते तिला स्वतःला कळत नसे. "उजे, तू मेली शेवटी बोलायचंस," असं ती मला बजावून ठेवायची.

तिचा चेहरा बोलतो, हे मला कोणी सांगायला नको होतं. पण ते अविनाशला दिसावं? घरी येऊन मी आरसा घेऊन बसले. माझं नाक बरं, तिचं बसकं. माझे केस लांब, तिचे शेळीच्या शेपटासारखे. मी रंगाने उजळ. असा हिशेब केला की दर वेळी मीच जिंकायची, आणि डबा मात्र तिच्या हातात होता.

बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत आमची छोटी गाडी. ती इतकी हळू चाले, की खाली उतरून बोरं तोडून पुन्हा डब्यात चढता येतं, अशी थट्टा लोक करत. कुंदाने दप्तरात लपवून सिनेमाचं मासिक आणलं होतं. मुखपृष्ठावर एक नटी विमानाच्या जिन्यावर उभी, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, वाऱ्यावर उडणारा पदर. आम्ही ते मांडीमांडीवरून फिरवलं.

"या बायका एकट्याच जातात का गं कुठंकुठं?" कोणीतरी विचारलं.

"एकट्या कशाला जातील? फोटो काढणारा असतो की बरोबर," कुंदा म्हणाली.

मी मनात त्या जिन्यावर उभी राहिले. फोटो काढणारा कोण होता, ते सांगायला नको.

"नयने, तुला कुठं जायचंय?"

"मला समुद्र बघायचाय," नयना म्हणाली. "आईनं विचारलंय, मावळताना सूर्य पाण्यात गेला की पाणी तापतं का म्हणून."

सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

दादर स्टेशनवर अविनाश आला होता. त्याने पुढे होऊन नयनाच्या हातातली पिशवी घेतली. ती दाराशी पहिली उभी होती म्हणून घेतली असेल. माझी पिशवी माझ्याच हातात राहिली, आणि तिचे बंद बोटांत रुतत गेले. दुपारी त्याने आम्हाला समुद्र दाखवला. सगळ्या पाण्यात पाय बुडवून किंचाळत होत्या. मी त्या दोघांमध्ये किती अंतर आहे तेवढं बघत होते. समुद्र मी त्या दिवशी नीटसा पाहिलाच नाही.

आणि आता मी मेकअपच्या खोलीत पांढऱ्या साडीत उभी होते. जरा वेळाने कार्यक्रम सुरू होणार होता. तेव्हा सगळं थेटच असायचं. चुकलं तर पुसून पुन्हा करायची सोय नव्हती.

"उजे." नयना कानाशी आली. तिने आईचं लग्नातलं लालभडक लुगडं नेसलं होतं. तिच्या आईने खाटेवर बसून, दुखऱ्या बोटांनी त्याच्या घड्या घालून दिल्या होत्या. "माझं घे. मी सोडून देते. डबापण तूच धर."

ती मनापासून म्हणत होती. तेच मला सहन झालं नाही. ज्यासाठी मी महिनाभर झुरले, ते ही बया पेरूची फोड द्यावी तसं देत होती.

"मला लाल आवडत नाही," मी म्हणाले.

"आता भांडत बसू नका," मॅडम म्हणाल्या. "फेरात एक कमी झाली तरी चालेल. तू माझ्याबरोबर चल. इथे बाहेर ठेवली तर रडशील, आणि आवाज आत येईल."

त्यांनी मला एका अंधाऱ्या, गार खोलीत नेलं. समोर काचेपलीकडे खाली स्टुडिओ दिसत होता आणि काचेखाली छोट्या टीव्हींची रांग होती. मी टीव्ही पाहिला तो तसा, पहिल्यांदाच आणि एकदम तीन. मॅडम मधोमध बसल्या, समोरच्या माइकचं बटण दाबून म्हणाल्या, "दोन, जरा डावीकडे," आणि खाली एक थोराड, मिशाळ माणूस कॅमेऱ्यासकट मुकाट डावीकडे सरकला. मी चकित झाले. आमच्याकडे बाई असं बोलली तर पुरुष आधी "का?" विचारत.

खाली उजेडात निवेदिका बसली होती. मासिकातल्यासारखी सुरेख, खांद्यावर चापून बसवलेला पदर. टेबलाखाली मात्र तिच्या पायांत रबरी चपला होत्या. तेवढा भाग कॅमेऱ्यात येत नव्हता. मग मला अविनाश दिसला. तो कॅमेऱ्यावर नव्हता, कॅमेऱ्याच्या मागे होता. कॅमेऱ्याची जाड काळी वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून उचलून धरत तो मागेमागे चालत होता. मध्येच वायर खाली ठेवून त्याने पाण्याचा पेला उचलला आणि निवेदिकेपुढे धरला. त्याची मान, त्याचे खांदे, पेला धरायची पद्धत. मी ओळखलं. अगदी असाच पेला मीही कोणापुढे धरला होता. तिने त्याच्याकडे न बघता तो घेतला.

म्हणजे मला आता नयनावर जळायचं, की हिच्यावर? मला ठरवता येईना.

"तयार," मॅडम म्हणाल्या आणि खोलीतले सगळे गप्प झाले.

फेर सुरू झाला. गाणं आमचंच, पण त्या छोट्या पेटीतून येताना परक्यासारखं वाटत होतं. मुली हत्तीभोवती फिरत होत्या, मॅडम "एक... दोन... आता तीन" म्हणत होत्या. मग माझ्या लक्षात आलं. या पेट्यांमध्ये रंग नव्हते. कुंदाचं हिरवं, आणखी कोणाचं निळं, सगळं राखाडी झालेलं. नयनाच्या आईचं लग्नातलं लालभडक लुगडं बुडाला लागलेल्या दुधासारखं कळकट दिसत होतं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

गाणी संपली. नयना डबा घेऊन पुढे आली. "गोड का तिखट?" सुरू झालं. करंजी का? नाही. लाडू? नाही. मुली एकीवर एक ओरडायला लागल्या आणि मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

"कोण काय बोलतंय काही कळत नाहीये. ए मुली, हा तुमचाच खेळ ना? आता कोणाकडे बघायचं? पटकन सांग."

मी काचेतून खाली बघितलं.

"अगं, बोल! ओळखणार कोण? ती हिरव्या साडीतली?"

कुंदा हातवारे करत होती, उड्या मारत होती. कोणालाही वाटलं असतं की कुंदाकडेच बघावं. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोणाला कळलंही नसतं. कॅमेरा कुंदावर गेला असता आणि नयना राहिली असती कडेला, राखाडी लुगड्यात, हातात डबा धरून.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेटीत मला नयनाचा ओठ दिसला. कोणीतरी "पोळी" म्हणालं होतं. तिने खालचा ओठ दातांत धरला.

"शेंगाची पोळी," मी पुटपुटले.

"काय?"

"डब्यात शेंगाची पोळी आहे. तिच्या तोंडाकडे बघा ना! कुंदा नाही, नयना! आता खळी पडेल, आणि मग हसेल ती. लवकर!"

मॅडमनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि बटण दाबलं. "दोन, डबावालीच्या तोंडावर जा. अजून जवळ. अजून."

मिशाळ माणूस पुढे सरकला. अविनाश वायर घेऊन त्याच्यामागे धावला. मधल्या पेटीत नयनाचा चेहरा मोठा होत गेला, पेटी भरून गेली. ओठ दातांत. मग खळी. खाली कोणीतरी ओरडलं, "शेंगाची पोळी!" आणि नयना हसली.

मी लहानपणापासून तिला हसताना पाहत होते. असं पाहिलं नव्हतं. रंग नव्हता, लुगडं नव्हतं, बसकं नाक होतं तसंच होतं, आणि त्या खोलीतले सगळे पुरुष हातातलं काम विसरून त्या पेटीकडे बघत राहिले.

"सुरेख," मॅडम हळूच म्हणाल्या. मग गळ्यातलं घड्याळ बंद करत माझ्याकडे वळल्या. "कोण गं ती तुझी?"

"शेजारीण," मी म्हणाले. आणि मग, "मैत्रीण."

"एवढं बारकाईनं आईसुद्धा बघत नाही लेकीकडे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागल्या.

परतीच्या गाडीला बसवायला अविनाश आला होता. खिडकीखाली उभा राहून प्रत्येकीला "मस्त झालं हं" म्हणत होता. माझ्यापाशी आला.

"तूपण मस्त. पण फेरात कुठं होतीस गं? मला दिसली नाहीस."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला माहीतच नव्हतं. मी फेरात नव्हते, पांढऱ्यामुळे नव्हते, आणि पांढरं का नेसले होते, यातलं काही म्हणजे काही त्याच्या गावी नव्हतं. त्याच्या तळहातांना वायरीची काळी घाण लागली होती आणि तो चांगला, साधा मुलगा होता.

"मी वर होते, अविनाशदादा," मी म्हणाले. जिभेला काहीही झालं नाही.

कुंदाने मला कोपराने ढोसलं. गाडी हलली.

बार्शीत आम्ही उतरलो तेव्हा सगळं गाव विचारत होतं, "कसं झालं? कशा दिसल्या?" पण दिसल्या कशा, हे कोण सांगणार? फेरातल्या मुलींनी स्वतःला पाहिलं नव्हतं. बाई दाराशी उभ्या होत्या. बार्शीची नयना टीव्हीत कशी दिसली, हे अख्ख्या बार्शीत एकट्या मला माहीत होतं.

संध्याकाळी नयनाच्या आईने मला बोलावणं पाठवलं. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. नयना पायाशी लुगड्याची घडी घालत होती.

"ये गं बाय. बस हितं." त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गाठींनी वाकडी झाली होती. "तू बघितलंस म्हणं. कशी दिसत हुती गं माझी?"

मी मनात ठरवून आले होते. "बरी," म्हणायचं. "सगळ्यांसारखीच," म्हणायचं.

"काकू, फेरात सगळ्याच होत्या," मी सुरुवात केली. "पण मग ही डबा घेऊन पुढे आली ना..." आणि मला थांबता येईना. ओठ कसा धरला, खळी कशी पडली, मिशाळ माणूस कसा सरकत गेला, पेटी कशी हिच्या तोंडाने भरून गेली, माणसं कशी हातातलं काम विसरली. सगळं सांगितलं. सांगताना प्रत्येक वाक्य मला टोचत होतं, आणि प्रत्येक वाक्य मी आधीच्यापेक्षा नीट सांगत होते. काकूंचे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते.

"आणि लुगडं?" त्यांनी विचारलं. "माजं लाल लुगडं? उठून दिसलं का गं?"

नयनाचे हात घडीवर थांबले.

"लालभडक दिसलं, काकू," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाचं तसं दिसलं नाही."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "माज्या लग्नात बी कुनी येवढं बघितलं न्हवतं त्येच्याकडं," त्या म्हणाल्या.

या गोष्टीला पन्नासच्या वर वर्षं झाली. काकू जाऊन जमाना झाला. मॅडम पुन्हा कधी भेटल्या नाहीत. मागच्या महिन्यात मी नयनाकडे नाशिकला गेले होते. तिची नात रेवा सतरा वर्षांची आहे. कोणा मुलाने दुसऱ्याच मुलीच्या फोटोला आधी पसंती दिली म्हणून ती सकाळपासून फुगून बसली होती. तिला खुलवायला नयना म्हणाली, "अगं, मीपण टीव्हीवर आले होते."

"खरंच? क्लिप दाखव!"

"क्लिप कसली? तेव्हा जपून ठेवत नसत काही. आलं आणि गेलं."

"मग तू कशी दिसत होतीस, ते कोणाला माहीत?"

नयनाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला. उजे, सांग की."

मी सांगितलं. इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगून आता ते घोटून गुळगुळीत झालंय. रेवाने फोन बाजूला ठेवला. मी ओठापर्यंत आले, खळीपर्यंत आले, हसण्यापर्यंत आले. ते हसू सांगताना अजूनही छातीत एक बारीक काटा मोडतो. मोडू दे. त्याच्याशिवाय मला ते सांगता येणार नाही.

"आणि साडी?" रेवाने विचारलं. "कुठल्या रंगाची दिसत होती?"

"लालभडक," मी म्हणाले.

बोलता बोलता माझी नजर नयनाकडे गेली. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती. केस पांढरे, गाल ओघळलेले. आणि तिने खालचा ओठ दातांत धरला होता.

तिला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. कदाचित आईच्या पायाशी घडी घालतानाच माहीत होतं.

डाव्या गालाला खळी पडली. मी ओळखलं, आणि गप्प बसले. या एका खिरापतीचा डबा आम्ही दोघींनीही उघडला नाही.